रोवलेलं पाऊल आणि निवट्या

पाटणकर सरांच्या मते नेरूळमध्ये सिनेमा कळणारा माणूस एकच होता, आणि तो कोण हे त्यांना विचारायची कुणाची छाती नव्हती.

बेलापूरच्या एका कॉलेजात बत्तीस वर्षं मराठी शिकवून दिनानाथ पाटणकर निवृत्त झाले. शिकवायला पोरं उरली नाहीत, तेव्हा ते सोसायटीतल्या माणसांच्या मागे लागले. महिन्यातले दोन शनिवार संध्याकाळी पाच वाजता सोसायटीच्या हॉलमध्ये त्यांचं चित्रपट मंडळ भरायचं. खिडक्यांना जुन्या चादरी लावायच्या, प्रोजेक्टर लावायचा आणि जपानी अ‍ॅनिमेशनपट बघायचे. पोरं बघतात ते मारामारीवाले नव्हेत हां. ज्यात एक कोल्हा पाऊण तास जिनाच उतरतोय, तळ्यातून अख्खं घर वर येतंय आणि कुणी काही न बोलता परत बुडतंय, असले. रंग असे की डोळ्याचं पातं लवू नये. अर्थ मात्र विचारायचा नाही, कारण अर्थ सर सांगायचे. पिक्चर सत्तर मिनिटांचा असला तर अर्थ नव्वद मिनिटांचा.

लोक का यायचे? खरं सांगायचं तर सरांच्या पत्नी सुचित्रावहिनींच्या चहासाठी आणि साबुदाणावड्यांसाठी. सरांना हे ठाऊक होतं आणि त्याबद्दल ते सगळ्यांचा मनातून तिरस्कार करायचे. कोर्टातून निवृत्त झालेले हौसेराव तर दर खेपेला उठून सांगायचे, "फोटोग्राफी लय भारी होती सर." हाताने काढलेल्या चित्रांच्या पिक्चरमध्ये कसली आलीय डोंबलाची फोटोग्राफी! ‘कळलं नाही बुवा’ म्हणणाऱ्यांची सरांना कीव यायची. पण ‘कळलं’ म्हणणारा भेटला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. असा कळणारा मंडळात एकच होता, आशुतोष. सरांचाच जुना विद्यार्थी, आता कुठल्याशा कंपनीत संगणकावर बसायचा आणि फावल्या वेळात इंटरनेटवर सिनेमांबद्दल लिहायचा. चार लोक त्याचं वाचायचे, हे सरांना फार लागायचं.

तर आता सरांचं पुस्तक आलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना नाकं मुरडून झाल्यावर वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी त्यांचं स्वतःचं पहिलं. नऊ वर्षं लागली. नाव ‘रोवलेलं पाऊल’. पानं तीनशे बारा, आणि ती सगळीच्या सगळी एकाच पिक्चरवर.

तो पिक्चर मंडळात तीनदा दाखवून झाला होता. जपानी नावाचा अर्थ ‘ओहोटीनं उघडी पडलेली जमीन’. सोसायटीत त्याला चिखलाचा पिक्चर म्हणायचे. करड्या चिखलाचं अफाट मैदान, वर शेंदरी आभाळ, आणि त्यात लाल रेनकोट घातलेली दहाबारा वर्षांची एक मुलगी. चिखलातून मधूनच डोळे वर येतात. नुसते डोळे, डोक्याच्या वर बसवलेले, गोल गोल. मग एक अंगठ्याएवढं जनावर उडी मारतं आणि पाठीवरचा निळ्या ठिपक्यांचा पंख शिडासारखा उघडतं. मुलगी उजवा पाय चिखलात रोवते, खाली वाकते, खांद्यापर्यंत हात चिखलात घालते, गाल जमिनीला टेकवते आणि डोळे मिटते. बस. अकरा मिनिटं ती तशीच. आभाळाचे रंग बदलतात, पाणी चकाकतं. शेवटी ती पाय उचलते आणि पडदा पांढरा होतो. पिक्चर खतम. दिग्दर्शकाने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही.

सरांनी ती कसर भरून काढली होती. चिखल म्हणजे काळ. वरचे डोळे म्हणजे मृतात्म्यांचे डोळे. रोवलेलं पाऊल म्हणजे पूर्वजांच्या दुःखावर माणसाने घट्ट धरलेला हक्क. एकट्या पावलावर चौऱ्याऐंशी पानं होती, आणि मुखपृष्ठावरही तेच पाऊल होतं. येत्या रविवारी प्रकाशन होतं. पुण्याहून एक मोठे समीक्षक यायचे होते. हे पुस्तक लोकांनी मानलं तर बत्तीस वर्षं नुसती खडूची धूळ खाल्ली नाही असं सरांना म्हणता येणार होतं. नाही मानलं, तर सोसायटीतले आणखी एक रिटायर्ड मास्तर, एवढंच त्यांच्या नशिबी होतं. गेले आठ दिवस त्यांना धड जेवण जात नव्हतं.

बुधवारी सकाळी समारंभात दाखवायचा तुकडा निवडायला सर टीव्हीवर पिक्चर लावून बसले होते. दारात चांगुणाबाई विळी मांडून सुचित्राबाईंना मांदेली साफ करून देत होती. करावे गावची ही बाई वीस वर्षं त्यांच्या दारात येत होती आणि वीस वर्षांत सर तिच्याशी ‘बर्फातले नकोत’ यापलीकडे एक वाक्य बोलले नव्हते. पाणी प्यायला ती आत आली, टीव्हीकडे बघितलं आणि तांब्या हातातच राहिला.

"आगो बाय! वयनी, यो बगा. टीव्हीवर निवट्या!"

सरांनी मानही वळवली नाही. "ते मृतात्म्यांचे डोळे आहेत."

"कोनाचे?"

"मेलेल्या माणसांचे."

चांगुणाबाईने पुढे होऊन नीट बघितलं. "नाय वो सर. मेलेला मानूस असा उऱ्या मारतो का? निवटी हाय ती, मासली. टकुऱ्यावर डोले, पाठीवर पंख. आमच्या खाडीत चिखलान किती तरी हायेत. मी आनते नं पावसात, वयनी नाय घेत, बघून घाबरतान." मग तिला ती मुलगी दिसली आणि ती खूशच झाली. "पोरगी हुशार हाय! पाय बगा कसा दाबून धरलाय."

"म्हणजे काय?" सरांच्या तोंडून निसटलं.

"निवटीच्या घराला दोन तोंडा असतान, सर. एका तोंडावर पाय ठेवायचा नी दुसऱ्यातून हात घालायचा. पाय नाय ठेवला तं ती तिकरून पलून जाते. मंग बसा बोंबलत." ती घटाघटा पाणी प्यायली. "माज्या आयेनं मला असंच शिकवलं. गाल टेकवायचा, डोले मिटायचे, हाताला कलतं ती कुटं हाय ता."

सुचित्राबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू होतं हे सरांना बरोबर कळलं, आणि तिथेच त्यांचं डोकं फिरलं.

"बाई," सर म्हणाले, "तुम्ही मांदेली साफ करा. या गोष्टी तुमच्यासाठी नाहीत."

"बरं," म्हणून चांगुणाबाई परत विळीवर जाऊन बसली.

ती गेल्यावर सरांनी ते दृश्य परत लावलं. चित्र थांबवलं, मोठं केलं, टीव्हीला नाक लावलं. मुलीच्या अंगठ्याखाली एक काळी कड होती. बिळाची कड. तीनचार सेकंदांनी तिथून एक बुडबुडा वर यायचा आणि ती टाच आणखी दाबायची. हा पिक्चर सरांनी चाळीस वेळा बघितला होता. त्या बुडबुड्यावर पान एकशे एकाहत्तर ते एकशे शहात्तर त्यांनी लिहिलं होतं, ‘मातीचा हुंदका’ म्हणून. चार हजार मैलांवरच्या एका माणसाने सहा वर्षं खपून, एकेक चित्र हाताने काढून, मासे कसे धरतात ते दाखवलं होतं, आणि दाखवलं होतं इतकं नीट की एका मासेवालीला ते पाणी पिता पिता कळलं.

"मग सांगून टाका की रविवारी," सुचित्राबाई म्हणाल्या. "चांगुणाबाईंनी दाखवलं म्हणावं. लोकांना आवडेल उलट."

"काय सांगू? नऊ वर्षं मी झोपलो होतो, मासेवालीनं जागं केलं?"

"तसंच घडलंय ना पण?"

"सुचित्रा, गाढवाला गुळाची चव काय! तिला मासा दिसला, कारण तिला मासाच दिसणार. तो कुठला मासा, तो का, तिथेच का, हे तिला विचार."

"मी विचारणारच नाही. मी तिला रविवारी बोलावलंय." सुचित्राबाईंनी मांदेलीला हळद लावली. "वीस वर्षं घरात येते, कार्यक्रमाला नको यायला?"

सरांना त्या दिवशी मांदेली गोड लागली नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे आशुतोष होता. आशुतोषचं आजोळ उरणचं, खाडीकाठचं. आजपर्यंत त्याने हा पिक्चर बघितला नव्हता, कारण तिन्ही खेपांना त्याची शनिवारी ड्यूटी होती. रविवारी तो तुकडा बघणार आणि हात वर करणार. ‘सर, ही तर निवटी.’ पुण्याचे समीक्षक समोर.

दोन दिवस विचार करून त्यांनी एक फट शोधली. ठीक आहे, धरला मासा. पण मग शेवटी ती पाय का उचलते? पाय उचलला तर मासा पळणार, हे तर चांगुणाबाईच सांगते. मग अकरा मिनिटं चिखलात गाल टेकवून बसलेली पोरगी ऐन शेवटी पाय उचलतेच का? तिथे काहीतरी आहे. तिथे अर्थ आहेच! फक्त तो काय हे कुणी सांगेल तर बरं. आणि जगात हे सांगू शकेल असं एकच माणूस सरांच्या ओळखीचं होतं.

शुक्रवारी सकाळी सर पाम बीच रोड ओलांडून करावे गावामागच्या जेट्टीवर गेले. नेरूळमध्ये अठ्ठावीस वर्षं राहून तिथे ते पहिल्यांदाच येत होते. ओहोटी लागली होती, तिवरांची मुळं उघडी पडली होती. फ्लेमिंगोंचे फोटो काढायला आलेली चार माणसं हातभर लांबीच्या लेन्स लावून उभी होती. यांना चोच दिसते पण पक्षी दिसत नाही, असं सरांना वाटलं, आणि एवढ्या चिंतेतही त्यांना जरा बरं वाटलं. चांगुणाबाई होडीच्या सावलीत टोपली निवडत बसली होती.

"सर? तुमी? वयनी बऱ्या हायेत ना?"

"बऱ्या आहेत. मी सहज आलो होतो, फिरायला." सरांच्या नव्या चपलेला चिखल लागला होता. "त्या दिवशी तुम्ही तो सिनेमा बघितलात. त्यात शेवटी ती मुलगी पाय उचलते. का उचलते?"

चांगुणाबाईने त्यांच्याकडे बघितलं. "पाय उचलते? निवटी हाताला नाय लागली तरी?"

"हो. अकरा मिनिटांनी."

"अकरा मिन्टां तशीच वाकून?" ती मनापासून हसली. "मंग मुंग्या आल्या असतील पायाला."

सरांना संताप आला. सगळ्या जन्मात कुणी त्यांच्या प्रश्नाचा इतका अपमान केला नव्हता. "बाई, जगातल्या एका मोठ्या कलावंतानं सहा वर्षं घासून ते दृश्य काढलंय. पायाला आलेल्या मुंग्यांसाठी नाही काढलं. जरा डोकं चालवा. नीट आठवून सांगा. तुमच्यात काही रीत असेल, समजूत असेल. तुम्हाला तिचं महत्त्व कळणार नाही, पण मला कळेल. तुम्ही फक्त सांगा."

चांगुणाबाईचं हसू गेलं. तिने हातातली कोळंबी टोपलीत टाकली, हात पदराला पुसले, आणि सरांना पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघून घेतलं. मग खाडीकडे तोंड करून सांगू लागली, आवाज एकदम खाली आणून.

"रीत हाय, सर. निवटीच्या घरान हात घातला नी हाताला अंडी लागली, का पाय उचलायचा. आई हाय ती. तिची वाट नाय आडवायची. माजी आये सांगं, पाय उचल चांगुने, तिलाबी लेकरा हायेत."

खाडीवरून वारा येत होता, लांब फ्लेमिंगोंची गुलाबी रांग हलत होती, आणि क्षणभर, अगदी क्षणभर, नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो पिक्चर आतून कळल्यासारखा वाटला. लगेच त्यांनी चांगुणाबाईकडे बघितलं. ती परत कोळंबी निवडायला लागली होती. बघा, म्हणजे हे सोनं हिच्या तोंडून बाहेर पडलं आणि हिला त्याचा पत्ता नाही! असल्या माणसांच्या तोंडी गोष्टी नुसत्या पडून असतात, त्या उचलायला कुणीतरी जाणता लागतो. आभार मानायचंही त्यांना सुचलं नाही. चप्पल झटकत ते घरी आले आणि आठवड्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. पुण्याच्या समीक्षकांनी पुस्तक न वाचता ते प्रत्येकाने वाचायलाच हवं असं सांगितलं. हौसेरावांनी शाल-श्रीफळ दिलं आणि माईकवरून फोटोग्राफीचा उल्लेख केलाच. शेवटच्या रांगेत सुचित्राबाईंच्या शेजारी चांगुणाबाई बसली होती, हिरव्या लुगड्यात, केसात अबोलीचा वळेसर घालून, सगळं नीट ऐकत. सरांनी एकदाच तिकडे बघितलं आणि परत बघायचं नाही असं ठरवलं.

तुकडा दाखवून झाला, दिवे लागले. आणि हात वर झालाच.

"सर," आशुतोष म्हणाला, "वहिनींकडून आणून पुस्तक कालच वाचून संपवलं. चौऱ्याऐंशी पानं पावलावर आहेत. पण सर, ही निवटी पकडतेय ना? माझे मामा उरणला असेच पकडायचे. पाय बिळाच्या दुसऱ्या तोंडावर असतो. पुस्तकात मासा हा शब्दच नाही."

पुण्याच्या समीक्षकांनी पुस्तक उघडून काहीतरी शोधल्यासारखं केलं. चौथ्या रांगेत कुणीतरी ‘अरेच्चा, खरंच की’ म्हणालं, आणि ती कुजबुज मागे मागे पसरत गेली. सरांनी माईक जवळ घेतला.

"आशुतोष, हा प्रश्न कुणी विचारेल का, याची मी नऊ वर्षं वाट बघतोय," ते म्हणाले. "अर्थात ती निवटी आहे. ते काय सांगायला हवं? पुस्तकात सगळं लिहिलं की वाचक हात कुठून घालणार? वाचकासाठी एक तोंड मोकळं ठेवावं लागतं."

लोक हसले. टाळ्या पडल्या. सरांच्या अंगात वारं भरलं.

"खरा प्रश्न तू विचारलाच नाहीस. ती पाय का उचलते?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "खाडीकाठच्या बायकांमध्ये एक फार जुनी रीत आहे. बिळात हात घातल्यावर हाताला अंडी लागली, की त्या पाय उचलतात. आत आई आहे. तिची वाट अडवायची नाही. ही मुलगी हातात आलेला घास सोडून देते, मित्रहो. ‘तिलाही लेकरं आहेत’ म्हणून. तो पांढरा पडदा म्हणजे शेवट नव्हे. ती सुटका आहे."

दुसऱ्या रांगेतल्या एक बाई डोळे पुसत होत्या. हौसेराव पुसत नव्हते, सरळ रडत होते. मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की पुण्याच्या समीक्षकांनाही उठून उभं राहावं लागलं.

"हे तुम्हाला कुठून मिळालं सर?" टाळ्या थांबल्यावर आशुतोषने विचारलं. त्याचा आवाज खराच भारावलेला होता.

शेवटच्या रांगेत हिरवं लुगडं होतं. सर त्या रांगेच्या वरच्या पंख्याकडे बघत म्हणाले, "अभ्यास. नऊ वर्षांचा अभ्यास."

मग सह्यांसाठी रांग लागली. सर टेबलाशी बसले, पायावर पाय टाकून, आणि प्रत्येकाला तेच वाक्य हवं होतं. सही नको, ते वाक्य लिहा सर. सर लिहीत गेले, ‘हाताला अंडी लागली की पाय उचलावा.’ खाली सही, तारीख. दहा प्रती झाल्या, वीस झाल्या. इतकी माणसं त्यांच्यासाठी कधीच थांबली नव्हती. आशुतोषचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "उद्याच लिहितो सर यावर. तुमचं हे सगळं टाकतो." तेवढ्यात त्याला टेबलाशेजारी वड्याची बशी घेऊन उभी असलेली चांगुणाबाई दिसली. "मावशी, तुम्ही करावेच्या ना? मग तुम्हीच सांगा. खरंच अंडी लागली की सोडता तुम्ही?"

सरांचं पेन थांबलं. सुचित्राबाई चांगुणाबाईच्या मागेच होत्या, त्याही थांबल्या.

चांगुणाबाईने तोंडातला घास संपवला. "सर सांगतान ता खरं असंल," ती म्हणाली. "त्यांचा आभ्यास हाय. आमी काय, मासेवाल्या."

आशुतोष हात जोडून निघून गेला. सरांना वाटलं की बाईशी दोन शब्द चांगले बोलावेत. एवढं तरी करायला हवं. पण चांगुणाबाई आधीच त्यांच्या कानाशी वाकली होती.

"सर, निवटीची अंडी हाताला लागतान का कदी? चिखलान काय कलतंय? नी गाबोली मिलालीच तं कालवनान जाते. सोरतं कोन? आमाला काय येर लागलंय?"

सरांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं. "पण तुम्ही... तुमची आई..."

"माज्या आयेनं एक निवटी कदी सोरली नाय. तिच्यावर आमी पाच पोरा वाढलो." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सरांना सोसला असता. लहान पोराने चड्डी ओली केल्यावर बायका बघतात तशी ती बघत होती. "मी पयलं खरं तेच सांगलेलं. तुमाला चाललं नाय. मंग तुमाला गोर लागंल असं एक सांगलं. मला वाटलं, मानूस घरी जाईल नी गप बसंल. तुमी तं माईकवर सांगलात."

"सर, माझी प्रत," रांगेतला पुढचा माणूस म्हणाला. "तेच वाक्य हां, सर. बायकोच्या नावानं."

सरांनी सुचित्राबाईंकडे बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी या बाईला पुष्कळ अर्थ सांगितले होते, आणि तिने एकदाही ‘कळलं’ म्हटलं नव्हतं. आज तिला कळलं होतं. तिने पुस्तक उघडून पहिलं पान सरांपुढे सारलं.

"लिहा," ती म्हणाली. "लोक थांबलेत."

सरांनी लिहिलं. मग पुढच्याचं लिहिलं. एकतीस प्रती आणखी होत्या, आणि प्रत्येक प्रतीवर ते त्यांच्याच वळणदार अक्षरात खोटं लिहीत होते, आणि प्रत्येक माणूस ते वाचून कृतज्ञतेने मान डोलवत होता. उद्या आशुतोष लिहील. मग आणखी कुणी लिहील, आणि करावेच्या बायका कशा दयाळू असतात ते बघायला कॅमेरे घेऊन लोक जेट्टीवर जातील. आयुष्यभर ज्यांना सर मूर्ख म्हणत आले ते सगळे आज त्यांच्यावर विश्वास ठेवत होते. त्यातल्या एकालाही खरं सांगायची त्यांची हिंमत नव्हती. चांगुणाबाई खुर्ची ओढून शेजारी बसली होती, आरामात चहा पीत, आणि एकेक सही बघत होती.

हॉलचा वॉचमन पंखे बंद करायला लागला, तेव्हा शेवटची प्रत झाली. सर उठायला गेले आणि खाली बसले. उजवा पाय जागचा हलेना. गुडघ्यापासून बोटांपर्यंत तो त्यांचा राहिलाच नव्हता. टेबलाला धरून ते परत उठले, टाच जमिनीला लागली आणि तोंडातून ‘आई गं’ निघालं.

"काय झालं वो?" चांगुणाबाईने विचारलं.

सरांनी एका हाताने पोटरी चोळली.

"मुंग्या ना?" ती उठली, बशी टेबलावर ठेवली आणि त्यांच्या दंडाला धरलं. सुचित्राबाईंनी तोंडाला पदर लावला होता, पण हसू काही त्यात मावेना. "उचला सर, पाय उचला. आसा रोवून ठेवलात तं जातच नाय त्या."

‘रोवलेलं पाऊल’च्या उरलेल्या गठ्ठ्यासमोर, दोन बायकांच्या आधाराने उभं राहून, पाटणकर सरांनी पाय उचलला.